काळा कागद

पहिले दोन महिने मी तो कचऱ्यातच टाकला.

फोनची पाठ उघडली की आत चिकटलेला असायचा,
कांद्याच्या सालीइतका पातळ,
नखानं ओढला की पापुद्रे सुटणारा,
बोटांना काजळी लावणारा.
मला वाटे, कंपनीनं आतली गरिबी झाकायला लावलाय.

आक्रा. सर्कलच्या उड्डाणपुलाखाली आमचं टेबल,
वर छत्री, छत्रीवर बुडालेल्या एका बँकेचं नाव.
हरमाटनची धूळ
आम्ही स्क्रू मोजायच्या आत स्क्रूंवर बसते.
एलिकेम मास्तर पगार देतात तसेच शब्द देतात,
महिनाअखेरीस, आणि तेही कापून.

मग फोन परत यायला लागले.
आधी एक टॅक्सीवाला.
मग तेमाच्या बंदरावर मासळी विकणारी नाआ कोरकोर,
दाढ दुखत असावी तसा गालाला हात लावून:
"पोरी, हा फोन की निखारा?
मुलगा हॅम्बुर्गहून बोलत असतो
आणि मला अर्ध्या वाक्यात कान बदलावा लागतो."

मास्तरांनी पाठ उघडली.
माझ्याकडे नाही,
कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं.
"कागद कुठाय?"

त्या दिवशी ते महिन्याभराचं बोलले.
चिप नखाएवढी, आणि सगळी धग तिच्या एकटीच्या अंगात.
धग विझवता येत नाही, तिला जागा द्यावी लागते.
हा कागद तिला आरपार सहजी जाऊ देत नाही,
आडवी पळवतो, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
तांब्यालाही मागे टाकून.
एका ठिकाणी चटका बसला असता,
त्याऐवजी सगळी पाठ थोडी थोडी कोमट होते.
बस. जादू नाही.

कशाचा असतो, मी विचारलं.
कानामागची पेन्सिल त्यांनी टेबलावर ठेवली
आणि केंके आणायला निघून गेले.

शिसपेन्सिल म्हणायचं,
शिसं तिच्यात औषधालाही नसतं.
ग्राफाइट. तेच ते.
मग काय, रात्री मी वहीचं पान फाडलं
आणि घासत बसले,
पान चकाकेपर्यंत, मनगट भरून येईपर्यंत,
आणि ते नाआ कोरकोरच्या फोनात लावलं.
फोन तापला. पानही तापलं, फक्त मधोमध.
वर काळी भुकटी सांडून चार्जिंगचा सांधा गेला.
वीस सेडी माझ्या खिशातून.

सुटे भाग विकणारा सेनाम पोट धरून हसला.
म्हणाला, पदार्थ तोच गं, पण तुझी पानं विस्कटलेली.
कारखान्यात खडकातल्या पापडीला आम्ल पाजतात,
भट्टीत टाकतात,
ती मक्याच्या लाहीसारखी फुटते, अळीसारखी लांबते,
शेकडो पट,
मग रुळाखाली चेपतात.
गोंद लागत नाही.
पापुद्रे पापुद्र्यांना धरून राहतात,
सगळे एका कुशीवर निजलेले.
वाट मोकळी ती त्यामुळे.
(खरंखोटं सेनाम जाणे. त्यानं मला एकदा
जुनी बॅटरी नवी म्हणून विकली होती.)

आता मी केस वाळवायच्या यंत्रानं गोंद मऊ करते,
प्लास्टिकच्या पातीनं कडेकडेनं उचलते,
श्वास धरून.
वहीच्या पानांत जपून ठेवते,
आणि मास्तर ते बघून न बघितल्यासारखं करतात.

परवा एका मेलेल्या फोनातून अख्खा निघाला.
मालक वर्षभर फिरकला नव्हता.
वरच्या झिल्लीखाली, कोपऱ्यात, एक ठसा,
कुणाच्या तरी अंगठ्याचा,
कुठल्या शहरात, कुठल्या पाळीत दाबलेला.
त्या दिवशी हातमोजा फाटका असेल.
तोच मी नाआ कोरकोरच्या फोनात बसवला.

रविवारी ती आली.
आमच्या बाकावर बसून हॅम्बुर्गशी बोलली,
सत्तावीस मिनिटं, एकाच कानानं.
पलीकडून फोन ठेवला गेला
तरी तिनं गाल उचलला नाही.

तापला का, मी घाबरत विचारलं.

"कोमट आहे," ती म्हणाली. "राहू दे."